मुलांचे मन आणि आपला रविवारचा वर्ग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महाल येथे दिलेले भाषण)



हिशेबाचे वाचन, वधूवर-परिचय आणि गुणवंतांचा सत्कार ह्या तीन मोठ्या कार्यक्रमांच्या मधून अर्धा तास काढून तो आम्हांस दिल्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. चिटणीसांनी विषय कळविला तो ‘प्राथमिक शाळेतील मुलांचे सामाजिक व भावनिक शिक्षण’ असा. नाव भारदस्त आहे. परंतु त्यातील मतलब अगदी घरगुती आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलास आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखता यावे, ते शब्दांत सांगता यावे, राग आला असता हात आवरता यावा, दुसऱ्याचा चेहरा पाहून त्याचे दुःख कळावे, भांडण झाल्यास ते मिटविता यावे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबता यावे, इतकेच काय ते ह्या शिक्षणाचे उद्दिष्ट. ह्या सहा गोष्टी साधलेली प्रौढ माणसे आपल्या कार्यकारिणीच्या सभेत किती असतात, हा प्रश्न आम्ही आज उपस्थित करीत नाही.

आमचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या वर्गात गेले. निवृत्त झाल्यावर मंडळाने ह्या सभागृहाच्या मागील खोलीत भरणारा रविवारचा बालवर्ग आमच्या हाती सोपविला. तेव्हा जे बोलणार आहोत ते बव्हंशी ह्या खोलीतले आहे, आणि त्यात आमच्या चुकाही आहेत.

प्रथम एक भ्रम दूर करावयास हवा. मुलांवर संस्कार करणे म्हणजे त्यांना चांगले सांगणे, अशी आपली पिढीजात समजूत आहे. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. शाळेत परिपाठाच्या वेळी रोज एक सुविचार फळ्यावर लिहिला जात असे. एके दिवशी तिसरीतल्या एका मुलाने क्रोध हा मनुष्याचा शत्रू असल्याचा सुविचार रंगीत खडूने, वळणदार अक्षरांत लिहिला. दुसऱ्या एका मुलाचा हात लागून त्यातील एक अक्षर पुसले गेले, आणि सुविचार लिहिणाऱ्याने तत्क्षणी त्याच्या कानशिलात ठेवून दिली. आम्ही त्या मुलास शिक्षा केली, हे सांगावयास आज संकोच वाटतो. त्याला सुविचार पाठ होता. राग आला की पुढच्या दोन क्षणांत नेमके काय करावयाचे, हे त्याला कोणीच शिकविले नव्हते. पोहण्याचे पुस्तक वाचून मूल गांधीसागरात तरेल अशी अपेक्षा कोणी करीत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण ती रोज करतो.

ह्या प्रदेशात ही गोष्ट फार पूर्वी ज्यांच्या ध्यानात आली, त्यांत गिजुभाई बधेका हे नाव अग्रभागी आहे. वकिली सोडून त्यांनी भावनगर येथे १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ ह्या पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि पुरता फसतो. दारे-खिडक्या लावून शांत बसावयास सांगितल्यावर मुले निरनिराळे आवाज काढून वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास बसतो, आणि तीच मुले आपण होऊन गप्प होतात. मारून मुटकून आणलेली शांतता आणि मनात उत्पन्न झालेली शांतता ह्यांतील अंतर ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी ते पुस्तक वाचावे.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांचे नाव आपल्या महाराष्ट्राच्या अधिक जवळचे. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम उभे केले, तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून ह्या दोघींनी मुलांस दोष दिला नाही. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे, त्याचे मूळ तेथे आहे. गुरे राखावयास जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. अंगणात आलेल्या बाईंना मुलाचे घर दिसते, त्याची भूक दिसते, धाकट्या भावंडास कडेवर घेऊन ते किती वेळ उभे असते तेही दिसते. मुलाच्या मनाचा विचार करावयाचा तर त्याच्या अंगणापासून करावा लागतो, ही त्या कामातील गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. पुढे आम्ही जी विनंती करणार आहोत तिचा संबंध ह्याच गोष्टीशी आहे.

आपल्यापासून दोनअडीच तासांच्या आत असलेल्या सेवाग्रामचाही उल्लेख केला पाहिजे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून नयी तालीम निघाली. तिची प्रसिद्धी झाली ती चरखा व तकलीमुळे. तेथील मुले स्वयंपाक, सफाई, शेती ही कामे वाटून घेत आणि त्या कामांचा जाब आपल्याच सभेत एकमेकांस देत, ही बाजू मात्र लोकांच्या लक्षात कमी राहिली. भाकरी करपली तर ती कोणामुळे, आणि त्याला बोलावयाचे ते कसे, हा सामाजिक शिक्षणाचा पाठच होय.

आज ह्या विषयास नवे नाव आणि नवी प्रतिष्ठा लाभली आहे. बीड जिल्ह्यात २००९ साली सुरू झालेला ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम पुढे राज्यातील सरकारी शाळांत पसरला. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून आनंदाचा तास सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक व भावनिक क्षमतांचा स्पष्ट उल्लेख आला. आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ काढला. परदेशातही ह्याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी २१३ शालेय उपक्रमांचे, सुमारे दोन लाख सत्तर हजार विद्यार्थ्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. ह्या मुलांची वागणूक सुधारलीच, शिवाय अभ्यासातही ती इतरांच्या पुढे गेली असे त्यांस आढळले. आणि हे काम बाहेरच्या तज्ज्ञांवाचून वर्गावरचा नेहमीचा शिक्षक उत्तम करू शकतो, हेही. ‘ह्यात अभ्यासाचा वेळ वाया जातो’ असे म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

परंतु दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. इंग्लंडमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांवर मुलांना ध्यानाचे पाठ देऊन एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली बाहेर आले, आणि नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्या पाठांचा अधिक लाभ काही दिसला नाही. ती मुले प्राथमिक शाळेतून नुकतीच वर गेलेली, अकरा ते चौदा वर्षांची होती हे खरे. तथापि डोळे मिटून बसविले की मन घडते, असे समजणाऱ्यांनी गिजुभाईंच्या त्या पहिल्या दिवसाची आठवण ठेवावी.

आता आमच्या खोलीत काय चालते ते सांगतो.

आरंभी आमच्या ध्यानात आले की मुलांपाशी शब्दच नाहीत. काय वाटले असे विचारले की इंग्रजी शाळेतले मूल ‘सॅड’, ‘हॅपी’ किंवा ‘अँग्री’ म्हणते, मराठी शाळेतले मूल ‘कसंतरीच’ म्हणते, आणि दोन्हीकडची मोठी मुले ‘टेन्शन’ म्हणतात. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर मनाचा व्यापार कसा चालावा? वास्तविक आपल्या मराठीचे कोठार ह्या बाबतीत काठोकाठ भरलेले आहे. मूल रुसते, हिरमुसते, खट्टू होते, ओशाळते, बावरते, बिचकते, भेदरते, चरफडते, धुमसते, कुढते. आणि ह्यांतील एकही अवस्था दुसरीसारखी नसते. रुसलेल्यास कोणी तरी समजूत काढावयास येईल अशी आशा असते. कुढणाऱ्याची ती आशा सुटलेली असते. चरफडणारा आत्ता रागावलेला असतो. धुमसणारा कालचा राग उद्यासाठी राखून ठेवतो. शिक्षकास हा भेद कळला तर कोणाजवळ आधी जाऊन बसावयाचे ते त्याला सांगावे लागत नाही.

म्हणून आम्ही दर रविवारी फळ्यावर असा एक शब्द लिहितो आणि हे आपणास केव्हा झाले होते ते ज्याला सांगावेसे वाटेल त्याने सांगावे, असे म्हणतो. ‘ओशाळणे’ हा शब्द आला त्या दिवशी दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “आईने पाहुण्यांना माझी वही दाखवली, आणि त्यात गणित चुकलेलं होतं.” आई वाईट नव्हती, तिला वहीतले सुंदर अक्षर दाखवावयाचे होते. पण मुलीस काय झाले ते सांगावयास शब्द मिळाला, आणि पुढच्या रविवारी तिनेच आम्हांस कळविले की तो शब्द तिने घरी आईसही सांगितला.

बोलावयाचे कोणी, ह्याचीही एक रीत आम्ही पाडली आहे. तान्हा पोळ्याचा एक जुना लाकडी बैल खोलीत आहे. त्याचे एक चाक निघालेले आहे. मुले गोल करून बसतात. बैल ज्याच्या हाती असेल त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे, आणि ज्याला बोलावयाचे नसेल त्याने बैल पुढे द्यावा. पहिले दोन महिने बैलाची ओढाओढ झाली आणि चाक निघाले ते त्याच काळात. आता चौथीतली मुले पहिलीतल्याचे बोलणे संपेपर्यंत थांबतात. सहा वर्षांचे मूल बोलू लागले म्हणजे ते लवकर संपत नाही, हे ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना सांगावयास नको.

भांडण झाले तर ‘सुरुवात कोणी केली’ हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर कोर्टातही लवकर मिळत नाही. काय झाले, तुला काय वाटले, आणि आता काय केले तर पुन्हा खेळता येईल, एवढेच विचारतो. माफी मागावयास लावीत नाही. लादलेली माफी मुले फार लवकर आणि फार गोड आवाजात मागतात, आणि दाराबाहेर पडताच चिमटा काढतात.

तान्हा पोळा हा महालातील मुलांचा मोठा सण. दुसऱ्या रघूजीराजांच्या काळापासून तो चालत आला आहे असे आपल्याकडे सांगतात. बैल सजवून मुले घरोघर जातात, बोजारा मिळतो, चौकात बक्षिसे लागतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एका मुलाचा बैल त्याच्या कमरेइतका उंच, शिंगांना पितळी शेंब्या घातलेला असा होता, आणि दुसऱ्याचा वीतभर. दुसऱ्याने आपला बैल सदऱ्याच्या आत लपविला. आम्ही बक्षीस ठेवले नव्हते. प्रत्येकाने आपल्या बैलाचे नाव सांगावे आणि त्याने वर्षभर काय काम केले ते सांगावे, एवढीच अट घातली. सदऱ्यातला बैल बाहेर आला. त्याने, त्याच्या धन्याच्या सांगण्याप्रमाणे, आजोबांच्या उमरेडकडील शेतात पऱ्हाटीची तीन एकर वखरणी केली होती. मोठ्या बैलाच्या मालकास आपल्या बैलाचे काम काही केल्या आठवेना. वर्ग हसला तेव्हा मात्र आम्हांस सावध व्हावे लागले. एका मुलाची मान वर करावयास दुसऱ्याची खाली गेली, तर हिशेब जमला असे म्हणता येत नाही.

जुन्या काळी ह्या गोष्टी वाड्यांत आपोआप होत, असे आपल्यातील वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. केळीबागेत किंवा बडकस चौकाच्या आसपास जे वाडे होते त्यांत एका चौकात पाच बिऱ्हाडे असत. नळावर पाळी लावावी लागे. एकाच्या घरचे लोणचे चार घरी जाई. मुलास आईने मारले तर शेजारची काकू मध्ये पडे. भुलाबाईच्या दिवसांत मुली घरोघरचा खाऊ ओळखीत आणि वाटून खात. आता त्या जागी चारमजली इमारती झाल्या. दारे बंद असतात, आणि मूल शाळेतून येऊन पडद्यासमोर बसते. तथापि वाड्याचे गोडवे गाताना त्याच चौकात सुनांनी कोठे उभे राहावयाचे आणि पाण्यास कोणी शिवावयाचे नाही, हेही मुले त्याच वयात आणि तितक्याच आपोआप शिकली, ह्याचा विसर पडू नये. वाड्याने जे शिकविले त्यातील घ्यावयाचे काय आणि टाकावयाचे काय, हे निवडण्याचे काम आता आपल्यावर आले आहे.

घराकडूनही एक मागणे आहे. अमेरिकेत रॉचेस्टर येथे अट्ठावीस लहान मुलांवर झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘चांगले रंग आणून देतो’ असे सांगून आणून दिले. काहींना सांगितले, पण दिले नाहीत. मग प्रत्येकापुढे एक गोड वडी ठेवून, न खाता थांबलास तर दुसरी मिळेल, असे सांगितले. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, फसवली गेलेली तीन. धीर हा केवळ मुलाचा गुण नसून समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दाची पत मूल आपल्या धीराने दाखवीत असते, असा ह्याचा अर्थ. ‘रविवारी फुटाळ्यावर नेऊ’ असे म्हणून सहा रविवार न नेणाऱ्या वडिलांनी मुलास अधीर म्हणू नये.

आता जे सांगावयाचे ते आम्हांस जड जाते. १७ मार्च २०२५ च्या सायंकाळी व रात्री ह्या महालात दगडफेक आणि जाळपोळ झाली, आणि संचारबंदी लागली. त्याची कारणे आणि दोष ह्यांची चर्चा ह्या व्यासपीठावर करण्याचे प्रयोजन नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले त्या रात्री पलंगाखाली किंवा मागच्या खोलीत बसून होती. संचारबंदी उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी वर्ग भरला तेव्हा मुले दोन गट पाडून एक नवाच खेळ खेळत होती. एका गटाने कागदाचे बोळे फेकावयाचे, दुसऱ्याने पळावयाचे. पळणाऱ्या गटास त्यांनी जे नाव दिले होते ते आम्ही येथे उच्चारीत नाही. ते एका संबंध समाजाचे नाव होते, आणि त्या समाजाची घरे आपल्या सभागृहापासून फार दूर नाहीत.

आम्ही खेळ थांबविला नाही. बैल काढला आणि गोल करून बसलो. त्या रात्री आपण कोठे होतो, हे मुलांनी सांगितले. एकीच्या घरी दूध संपले होते. एकाचे वडील कामावरून रात्री दोनला आले, तोवर आई दाराशी उभी होती. पहिलीतला एक मुलगा म्हणाला की त्याला अजूनही बाटली पडल्याचा आवाज आला की पोटात दुखते. मग चौथीतल्या एका मुलीने विचारले, “तिकडची मुलं पण पलंगाखाली बसली असतील का?” कोणी उत्तर दिले नाही. उत्तर देण्यासारखे आमच्यापाशीही काही नव्हते, कारण त्या खोलीत तिकडचे एकही मूल नव्हते, की ज्याला विचारता आले असते. सगळी मुले आपलीच होती. आमच्या वर्गाचे उणे त्या क्षणी आम्हांस जितके स्पष्ट दिसले तितके त्यापूर्वी कधी दिसले नव्हते. दुसऱ्याचा चेहरा वाचावयास शिकविण्याचा वर्ग आम्ही चालवितो, आणि त्या वर्गात दुसरा म्हणून कोणी नाहीच.

त्याच वर्षीची आमची एक चूकही सांगून टाकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. रोगराई, ईडापीडा सारी तिच्याबरोबर गावाबाहेर जावी, ही त्यामागील भावना, आणि बडग्यांवर तर चालू वर्षातील सर्व त्रासांची यादीच चिकटविलेली असते. मनातील पीडेस नाव देऊन तिला वेशीबाहेर घालविण्याची ही रीत आमच्या विषयास अत्यंत जवळची वाटली, म्हणून मुलांकडून आम्ही कागदाची लहानशी मारबत करविली आणि प्रत्येकाने आपणास नकोशी असलेली एक गोष्ट चिठ्ठीवर लिहून तिच्या पोटात घालावी असे सांगितले. येथवर ठीक होते. पुढे आम्ही त्या चिठ्ठ्या काढून मोठ्याने वाचू लागलो. गृहपाठ, कारल्याची भाजी, बाबांचा मोबाईल. मुले हसत होती. त्या ओघात एक चिठ्ठी उघडली आणि डोळ्यांनी वाचण्याआधी तोंडाने वाचून गेलो. त्यात लिहिले होते, ‘घरात रात्रीचा आवाज’. दंगलीचा आवाज नव्हता तो. सर्वांनी अक्षर ओळखले.

तो मुलगा पुढील तीन रविवार आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, पण चिठ्ठीचे नाव न काढता. पुष्कळ वेळ तो आमच्याशी बोलला नाही. निघताना जिन्यापर्यंत आला आणि बैलाचे चाक बसविले का, एवढे विचारले. आता तो येतो. मुलाने विश्वासाने दिलेले दुःख ही वर्गाची करमणूक नव्हे, हे जन्मभर शिक्षक राहूनही आम्हांस त्या दिवशी नव्याने शिकावे लागले. तेव्हापासून चिठ्ठ्या न उघडता मारबतीबरोबर जातात. आणि जेथे प्रकरण आमच्या आवाक्यापलीकडचे असेल तेथे डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा असे पालकांस एकान्तात सुचवितो. लाकडी बैलाने सर्व दुखणी बरी होत नाहीत.

ह्या सर्वातून कार्यकारिणीपुढे आम्ही दोन ठराव ठेवले आहेत. पहिला लहान आहे. गुणवंतांच्या सत्कारासाठी आपण जो अर्ज भरून घेतो त्यावर ‘गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडावी’ असे असते, आणि पहिलीच्या मुलापासून टक्क्यांच्या क्रमाने नावे पुकारली जातात. गेल्या वर्षी नाव न पुकारलेला दुसरीतला एक मुलगा संमेलन संपल्यावर आमच्याजवळ येऊन, “माझं नाव लिहायचं राहिलं का?” असे विचारून गेला. चौथीपर्यंतच्या मुलांस क्रम लावू नये, सर्वांस एक पुस्तक द्यावे, एवढे आमचे मागणे आहे. ह्यात खर्च वाढतो तो किती, हे खजिनदारांस आम्ही लिहून दिले आहे.

दुसरा ठराव असा की, रविवारचा बालवर्ग ह्या गल्लीतील आणि मागच्या मोहल्ल्यातील सर्व मुलांस, जात अथवा धर्म न विचारता, मोकळा करावा.

ह्यास विरोध आहे हे आम्ही जाणतो, आणि विरोध करणारी मंडळी आमच्या जिव्हाळ्याची आहेत. ते म्हणतात की मंडळाचा पैसा ज्ञातीचा आहे, तो ज्ञातीच्या मुलांसाठी खर्च व्हावा. आमचे म्हणणे असे की तो खर्च ज्ञातीच्या मुलांसाठीच होणार आहे. आमच्या नोकरीच्या काळात एका शाळेत दुसरीतली एक मुलगी शेजारणीच्या डब्यातील भाजी घेत नसे. का, असे विचारले तेव्हा ती निरागसपणे म्हणाली, “आजी म्हणते, त्यांचं खायचं नसतं.” शेजारणीने ते ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून ती डबा भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली. त्या मुलीस सहानुभूती ह्या विषयावर आम्ही शंभर गोष्टी सांगितल्या असत्या तरी आजीचे ते एक वाक्य त्यांना पुरून उरले असते. ती मुलगी आपल्याच ज्ञातीची होती. आमचे बोलणे कोणास लागले असेल तर क्षमा असावी. परंतु ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस उगवला त्या शहरात हे बोलावयास एका ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठाइतकी योग्य जागा आम्हांस दुसरी दिसत नाही.

मुले बिघडतील, भाषा बिघडेल, असेही काहींनी सांगितले. भाषेची काळजी आम्ही करू. इतर काही म्हणतात की तिकडची मुले येणारच नाहीत. ते शक्य आहे. म्हणून आरंभी आम्ही त्यांच्या अंगणात जाऊ. ताराबाईंनी आणि अनुताईंनी तसेच केले होते. मागच्या मोहल्ल्यातील एका शिक्षिकेशी आमचे बोलणे झाले आहे. त्यांनी एक अट घातली: पहिला महिना वर्ग त्यांच्याकडे भरावा आणि आपली मुले तेथे यावीत. अट रास्त आहे. आपणांपैकी सात पालकांनी मुले पाठविण्याचे कबूल केले आहे. त्यांत त्या चौथीतल्या मुलीचे वडीलही आहेत.

ठराव उद्याच्या सभेत मतास येईल. तो संमत झाल्यास खोलीची दुसरी किल्ली लागेल, आणि बसावयास सतरंज्या दोनच आहेत, तिसरी लागेल. बैलाचे चाक आम्ही बसवून घेतले आहे.